दोन मास्टर

दादा गेल्यापासून मी बऱ्याचदा लिहायला बसले आहे आणि दोन ओळींवर थांबले आहे. त्याच्याबद्दल सरळ लिहिणं जमत नाही. म्हणून आज त्याच्या कॉम्प्युटरबद्दल लिहिते.

आमचं घर दौंडला, रेल्वे लायनीच्या पलीकडे. मी तेव्हा शिरूरच्या एका शाळेत ग्रंथपाल होते आणि रविवारी एसटीने घरी यायची. दादा कुरकुंभच्या कारखान्यात फिटर होता. कारखान्याने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्याने घरी आणला, तो जयंतीची पत्रकं करायला म्हणून. पण त्याचा खरा वापर झाला तो वडिलांमुळे. आबा खाटेवर बसून आपली हकीकत सांगायचे आणि दादा ती टाइप करायचा. पोरवयात इनामगावच्या उत्खननावर केलेली मजुरी, मग रेल्वेतली गँगमनची नोकरी.

"तितं माती फुकून काडायची," आबा सांगायचे. "जोरात फावडं मारलं की सायेब वरडायचा. मडक्यात लेकराची हाडं निगाली तवा समदे गप झाले."

दादा ते जसंच्या तसं उतरवायचा. आबा मध्येच "पानी दे गं" म्हणाले, तर तेही. मी एकदा म्हटलं, निदान 'हाय'चं 'आहे' करू या. तो म्हणाला, "ग्रंथपाल बाई, तुमची पुस्तकं तुम्ही सुधारा. हे आबांचं हाय."

सगळं पूर्ण झालं की छापून काढायचं, असं ठरलं होतं. त्याआधीच आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण तोंडातून 'अं'पलीकडे काही निघत नव्हतं. त्यांनी जे सांगितलं होतं ते आता फक्त त्या पेटीत होतं. एका फ्लॉपीवर घेतलेली नक्कल केव्हाच उघडेनाशी झाली होती. आणि त्यातच हार्ड डिस्क टकटक वाजू लागली. दादा घाबरला. नवी डिस्क बसवून सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं ठरलं. मी ती शिरूरहून पंच्यात गुंडाळून, मांडीवर धरून आणली.

दुपारची जेवणं झाल्यावर दादाने पेटी उघडली. डिस्कच्या पाठीमागे एक इवलीशी प्लॅस्टिकची टोपी असते. ती कोणत्या पिनांवर बसवली आहे त्यावरून एक डिस्क मास्टर ठरते आणि दुसरी स्लेव्ह. दादा लेबलावरचं चित्र वाचून दाखवत होता.

"स्लेव्ह म्हंजी काय रं?" आईने विचारलं.

"गुलाम."

"मग काड ते. आपल्या घरात कुनी गुलाम न्हाई."

"घ्या, हायकोर्टाचा निकाल आला," दादा हसत मला म्हणाला. "दोघीबी मास्टर!"

आम्ही सगळे हसलो. आबांचाही अर्धा चेहरा हसला. दोन्ही डिस्कांच्या टोप्या आधीपासूनच मास्टरच्या जागी होत्या. दादाने त्या तशाच ठेवल्या, दोन्ही डिस्का एकाच रुंद करड्या पट्टीला जोडल्या आणि बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बऱ्याच वेळाने इंग्रजीत ओळ उमटली, की डिस्क सापडत नाही.

"आमचाच आगाऊपणा," दादा म्हणाला. "नवी काढतो. जुनी आपली चालू होईल."

त्याने नवी काढली, जुनीची पट्टी घाईघाईत ओढली, पुन्हा खोचली. बटण दाबलं. तोच काळा पडदा, तीच ओळ.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. आता दादा थांबेचना. बंद करायचा, पट्टी चाचपायची, पुन्हा चालू. पंख्याचा वारा नको म्हणून पंखा बंद केला होता, त्याच्या पाठीवर शर्ट चिकटला होता. आबा खाटेवरून बघत होते. त्यांना काय झालंय ते कळलं होतं. डावा हात ते चादरीवर उगाच फिरवत होते.

"जरा थंड व्हऊ दे तिला," आई म्हणाली.

"ती काय दुधाची कासंडी हाय का?" दादा ओरडला. मग माझ्याकडे वळून, आबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "ते परत सांगू शकत नाहीत गं. माझ्या हातानं गेलं."

मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाला, "गप्प बस." असं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

मी कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसले. आठवेल तेवढं लिहून काढू, असं मनात आलं. मी ते सगळं दोनदा वाचलं होतं. पण कागदावर उतरलं ते असं: 'तेथे माती हळुवार फुंकर घालून काढावी लागत असे.' माझं शाळेतलं वाक्य. त्यात आबा कुठेच नव्हते. मी खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच. सांगितलेलं मला आठवत होतं, पण त्यांचं बोलणं आठवत नव्हतं. तो कागद मी चुरगळला आणि भांड्यांच्या मांडणीला डोकं टेकून बसून राहिले.

दादाने हाक मारली. "बॅटरी धर जरा."

त्याने पट्टी पूर्ण काढली होती. मी डिस्कच्या पाठीवर उजेड पाडला. पिनांच्या दोन बारीक रांगा. कडेची एक पिन आडवी झाली होती, केसासारखी, खाली दबलेली. मघाच्या घाईत वाकली असावी. दादाला ती दिसेना. मी त्याचं बोट धरून तिथे नेलं.

आईच्या सुईने त्याने ती उचलायला सुरुवात केली. मोडली असती तर तिथेच संपलं असतं. आई पलीकडे तोंड करून पुटपुटत त्रिशरण म्हणत होती. पिन थोडी उठली, मग थोडी अजून. मग दादाने पट्टी सरळ धरून हळू लावली आणि बटण दाबलं.

पडद्यावर रंग आला.

"आता हात लावू नगंस," आई म्हणाली. पण आतून टकटक चालूच होती, आधीपेक्षा जोरात. नक्कल करायलाच हवी होती. दादाने लेबलावरचं चित्र पुन्हा पाहिलं. मग आबांकडे वळला.

"आबा, एका लायनीवर दोन इंजिनं घातली ना आम्ही. दोघीबी म्हणत्यात, रस्ता माझाच."

आबांनी डावा हात उचलला, दोन बोटं वेगळी करून दाखवली.

"व्हय. दुसरी लायन हाय." सीडीच्या खणाची पट्टी त्याने सोडवली आणि नव्या डिस्कला तिथे जोडलं. जुनी तिच्या पट्टीवर मास्टर, नवी तिच्या पट्टीवर मास्टर. आईचा निकाल कायम राहिला.

नक्कल पूर्ण झाल्यावर संध्याकाळभर दादा आबांना त्यांचंच बोलणं वाचून दाखवत होता. मातीचं वाक्य आलं तेव्हा आबांचे ओठ हलले. आवाज दादाचाच होता.

जुनी डिस्क पुढे लवकरच बंद पडली. मग आबा गेले, मग आई. आणि आता दादा. ती हकीकत मी हल्ली रोज थोडी वाचते, पण आबांसाठी नाही. दादाचं बोलणं कुणी उतरवून ठेवलं नाही. मला ते आठवून लिहिता येत नाही, माझी वाक्यं शाळेतलीच होतात. मी त्याला त्यात शोधत असते. एका जागी, रेल्वेच्या रुळांची हकीकत चालू असताना मध्येच, आबा विचारतात:

"आरं लिव्हतोस का झोपलास?"

आणि खालच्या ओळीवर, ऐकलं तसं उतरवायचं या त्याच्या नेमाने:

"लिव्हतोय आबा. तुम्ही बोला."