थुंकायची नोकरी

आमच्या वायनरीत वाइन मुरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, किस्से मात्र त्याच दिवशी संध्याकाळी तयार असतात. टाकीच्या तळाला गाळ बसावा तसे साठत जातात. कुणीतरी अधूनमधून उपसायला हवेत, म्हणून बसले.

मी पलूसजवळच्या एका छोट्या वायनरीत लॅब सांभाळते. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं तेव्हा वाटलं होतं, एखाद्या डेअरीत लागेन. लागले ती इथे. आमचे सर एक हंगाम फ्रान्समध्ये, रोन नदीच्या खोऱ्यात शिकून आले आणि तेव्हापासून त्यांना कृष्णेकाठीही रोनच दिसते. तिथे सिरा नावाची काळी द्राक्षं होतात, आपल्याकडे त्यांनाच शिराज म्हणतात. त्यांची तांबडी, दाट, मिरीचा वास असलेली वाइन इथे करायची, एवढंच सरांचं म्हणणं. मला त्या वाइनमध्ये आजवर एकदाही मिरीचा वास आलेला नाही. हे सरांना माहीत नाही.

घर आष्ट्याला. नवरा शिरवळच्या कंपनीत, शनिवारी येतो. माझी तीन वर्षांची ओवी दिवसभर सासूबाईंजवळ असते. त्यांना मी आई म्हणते. आणि मी वाइन करते हे आईंना माहीत नाही.

सांगणार कसं? सासरे, म्हणजे अप्पा, फौजेतून रिटायर झाले तेव्हा कॅन्टीनची रम घरी यायची. ती बंद करण्यात आईंचा अर्धा संसार गेला. शेवटची बाटली त्यांनी परड्यात दगडावर फोडली. माझी नोकरी ठरली तेव्हा अप्पांनीच तोडगा काढला. "द्राक्षाची कंपनी हाय, एवढंच सांगायचं, सूनबाई. खोटं बोलायचं न्हाई, पण रिपोर्ट बी पुरा द्यायचा न्हाई."

आईंना कळलं, तर ओवीला कोण सांभाळणार आणि माझ्या नोकरीचं काय होणार, हा हिशोब मी रोज बसमध्ये करते. बडीशेप चघळत.

*

सरांनी एकदा शेतकऱ्यांची मीटिंग घेतली आणि पडद्यावर रोन खोऱ्यातल्या बागेचा फोटो लावला. वेलींखाली माती दिसतच नव्हती. सगळीकडे नारळाएवढे गोल गोल धोंडे.

"हे दिवसा तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात," सर म्हणाले. "जगातल्या नामी वाइन या दगडांत होतात."

तासगावकडचे बापू उठून उभे राहिले. त्यांना खरंच धक्का बसला होता. "सायेब, माझ्या आज्जानं धोंडं येचलं, बानं येचलं, मी येचलं. माझं कंबारडं त्याच्यातच ग्येलं. आन तिकडं ह्येचा फोटू काढत्यात व्हय?"

सभा हसली. बापू हसले नाहीत.

पुढच्या सोमवारी गेटवर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. गच्च भरून धोंडे. वर बापू.

"मॅडम, सायबास्नी बोलवा," ते म्हणाले. "फ्रान्स आलाय, उतरून घ्या."

*

दुसरा धक्का सरांना. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक आणि सालीला जाड हवा, कारण रंग आणि चव सगळी सालीत असते. आमच्या भागात मात्र मणी फुगवण्यात शेतकऱ्याची अख्खी इज्जत. एका शेतकऱ्याला आम्ही शिराजची बाग लावून दिली. तोडणीच्या आधी बघायला गेलो तर मणी जांभळाएवढे. त्याने एक्स्पोर्टच्या द्राक्षाला देतात ते फुगवणीचं औषध दिलं होतं. आमच्यावरच्या प्रेमापोटी, स्वतःच्या खर्चाने.

सर बांधावरच बसले. "अहो, बारीक ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "पर बारीक मण्याच्या घरात आमच्यात पोरगी देत न्हाईत, सायेब. माझं एक लग्नाचं हाय."

*

रोन खोऱ्याच्या उत्तरेला आणखी एक गंमत करतात. काळ्या सिरात मूठभर पांढरी द्राक्षं घालून दोन्ही एकत्र आंबवतात. वास खुलतो, आणि रंग फिका व्हायच्या ऐवजी धरून राहतो. सरांनी कुठून कुठून पांढऱ्या द्राक्षांची रोपं आणली. तीन वर्षं जपल्यावर क्रेट भरतील एवढी फळं लागली. तोडणीच्या सकाळी ती काळ्या द्राक्षांच्या क्रेटशेजारी ठेवून सर फोन घ्यायला बाहेर गेले.

आमच्या टाक्या बघतात ते कदममामा. सर परतले तर पांढरे क्रेट रिकामे, आणि तोडणीच्या बायका, त्यांची पोरं, वॉचमन, सगळ्यांची तोंडं चालू.

कदममामा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "वाचलो सायेब. काळ्यात पांढरं मिसळणार व्हतं कुणीतरी. मी वेळेवर बघितलं म्हणून."

सरांनी रिकामा क्रेट उचलून आत पाहिलं. मग त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "कशी होती?"

"लय ग्वाड," मामा म्हणाले. "तुमास्नी ठेवायची ऱ्हायलीच बगा."

*

मग टेस्टिंगचं ट्रेनिंग सुरू झालं. ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट तोंडात खळखळवायचा आणि थुंकायचा. गिळायचा नाही, नाहीतर दुपारपर्यंत सगळेच टेस्ट होतात. मग कशाचा वास आला ते लिहायचं.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच लिहिलं: तंबाखू. मीसुद्धा, शेजारच्याचं बघून. सर हरखले. फ्रान्समध्ये मुरलेल्या सिराला असा वास येतो म्हणे, आणि आपल्या पलूसच्या वाइनला तो पहिल्याच वर्षी आला. त्यांनी पुण्याला फोनसुद्धा लावला.

तेवढ्यात ग्लास भरणारे कदममामा म्हणाले, "सायेब, मघाशी मी तंबाकू मळली. हात धुवायचा ऱ्हायला. चालंल न्हवं?"

*

माझं नाक तयार व्हायला हवं म्हणून मी घरी सराव सुरू केला. वाइन आणायची सोय नव्हती. चहा, ताक, कोकम, जे मिळेल ते हुंगायचं, खळखळवायचं आणि मोरीत थुंकायचं. ओवी शेजारी पाट घेऊन बसायची, तिची भातुकलीची वाटी घेऊन. ऑफिसात कसं करतात ते मी तिला हळूच सांगायची. मला वाटलं, ती खेळतेय.

दोन दिवसांनी माझ्या डब्यात चिंचेची चटणी आली. आईंनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. तिसऱ्या दिवशी वाईहून अप्पांच्या बहिणीचा, आत्याबाईंचा फोन. "अभिनंदन गं. कितवा लागलाय?"

मी हादरले. पण माझ्यापेक्षा नवरा हादरला. त्याचा शिरवळहून फोन आला. "अगं, मला हे आत्याकडून कळावं?"

यथावकाश पोट जिथल्या तिथे राहिलं आणि विषय मिटला. पण त्या दिवसांत आई माझ्यावर किती माया करतात हे मला कळलं. तशी त्यांची एक सवय पहिल्यापासूनचीच. मी संध्याकाळी दारात आले की माझा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या, अगदी जवळ ओढून डोळ्यांत बघायच्या, "दमलीस गं," म्हणायच्या आणि कानशिलांवर बोटं मोडायच्या. दृष्ट काढायच्या. मला भरून यायचं. अशा बाईला आपण फसवतोय, या विचाराने बडीशेप घशाखाली उतरायची नाही.

*

घरी सत्यनारायण घातला. आत्याबाई वाईहून आल्या, ओळखीचे गुरुजीही घेऊन आल्या. पाहुण्यांनी सोपा भरलेला. आरती झाली, तीर्थ वाटणं सुरू झालं. ओवीने हातावर घेतलं नाही, तिची वाटी पुढे केली. गुरुजींनी कौतुकाने तीत पंचामृत घातलं.

ओवीने वाटी गोल फिरवली. नाक आत घातलं. डोळे मिटले. घोट घेतला, दोन्ही गालांत खळखळवला आणि गुरुजींच्या पुढ्यातल्या ताम्हणात थुंकला.

"आंबट झालंय," ती म्हणाली. "टाकी धुवा."

गुरुजींची पळी हवेतच राहिली.

"हे कुठं शिकलीस गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"आई करते," ओवी म्हणाली. "ऑफिसात. वाइन घेते आणि थुंकते."

आत्याबाई आईंकडे वळल्या. "वहिनी, सून दारूच्या कारखान्यात? आणि तुम्हाला पत्ताच नाही?"

आई निरांजनातली वात सारखी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी थुंकती म्हणाली. गिळती म्हणाली व्हय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"रोज बडीशेप खाऊन येती ती. ह्या घरात बडीशेप कवा खात्यात, त्ये मला नगा शिकवू." त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा सत्यनारायणाच्या तसबिरीकडे अतिशय भक्तिभावाने बघू लागले. "ह्यांचं तोंड मी इतकी वर्सं हातात धरून बघितलं. तसंच हिचं बघते. वास असतोय, पर डोळं साफ असत्यात. गुरुजी, तुमी तीर्थ वाटा."

दुसऱ्या दिवशी आम्ही शिराजची नवी टाकी उघडली होती. संध्याकाळी बसमध्ये मी बडीशेप खाल्ली नाही. आई दारातच होत्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, जवळ ओढला आणि डोळ्यांत पाहिलं. मी तोंड उघडून मोठा श्वास सोडला.

आईंनी पुन्हा एकदा हुंगलं.

"कशात गं," त्यांनी विचारलं, "आज मिरी घातलीया?"