शेवटाकडून वाचलेलं पुस्तक

सलीमभाई गेल्याचं मला शाळेत, खिचडी वाढताना कळलं. मंगरूळपीरच्या आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांनी शिवलेले. त्या दिवशी पंगतीतल्या एकेका कॉलरकडे मी उगाच पाहत राहिले... आता महिना उलटून गेला, मन निवलं आहे, म्हणून लिहिते.

सहा वर्षांपूर्वी त्यांची नात आफरीन माझ्याकडे दुसरीत होती. अक्षरं सगळी ओळखायची, पण वाच म्हटलं की ओठ घट्ट मिटायची. मी तिला चित्रांचं एक पुस्तक घरी दिलं. वाचायला शिकणाऱ्या मुलीचीच गोष्ट होती त्यात. पहिल्या पानावर ती आईच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकते, मग दुकानांच्या पाट्या, पुड्यांचे कागद, दिसेल ते वाचू लागते, आणि शेवटच्या पानावर झाडाखाली एकटीच पुस्तकात रमते.

आठवड्यानं ब्लाउज शिवायला टाकायला गेले, तर सलीमभाई खूश. "मॅडम, लय मस्त किताब हाय. पोरगी एवढी हुशार, पण शेवटी मायच्या मांडीवरच येते!" मी चक्रावले. मग उलगडा झाला. त्यांची शाळा उर्दू, तीही चौथीपर्यंत. मराठी बोलायचे फर्डी, पण वाचता येत नव्हती. हात उर्दूच्या सवयीनं पुस्तक मागून उघडायचा, आणि नातीला मांडीवर घेऊन ते चित्रांवरून रोज उलटी गोष्ट सांगायचे. मी सुलटा क्रम दाखवला तेव्हा कपाळावर हात मारून हसले. "म्हंजे मी पोरीले येडंच बनवून राह्यलो होतो!"

शेजारीच बसलेली आफरीन हसली नाही. झाडाखालच्या त्या मुलीकडे बघून तिचे डोळे भरले. "मले नाही वाचाचं. या दीदीले वाचता येते, तं तिले कोणीच मांडीवर घेत नाही."

इतकी वर्षं मी 'स्वतः वाच' म्हणून शाबासकी देत आले होते. ती कुणाला शिक्षा वाटेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काहून नाही घेत?" सलीमभाई म्हणाले. "मले कुठं वाचता येते मराठी? तू वाच, मी ऐकतो. मांडी तं माहीच ना?"

"तुमी झोपसान."

"झोपलो तं चिमटा काढ."

ती चढून बसली. अक्षरांवर बोट ठेवत तिनं पहिली ओळ वाचली... मी ब्लाउजपीस हातात धरून उभीच.

मग हे रोजचंच झालं. मांडी पुरेनाशी झाली तेव्हा ती मशीनशेजारी स्टुलावर बसू लागली. सोयाबीनचे भाव, लग्नपत्रिका, काहीही वाचायची आणि ते ऐकत काजं करायचे. एकदा मी म्हटलं, तुम्हालाही शिकवते. "कायले मॅडम? मले आलं तं तिचं काम जाईन!"

गेल्या आठवड्यात भेटायला गेले. आफरीन आता आठवीत आहे. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आतून वाचण्याचा आवाज येत होता. वाकून पाहिलं, तर एकटीच, समोर इतिहासाचं पुस्तक.

"कोणाला वाचून दाखवतेस गं?"

ती ओशाळून हसली. "कोणालेच नाही, मॅडम. मनातल्या मनात वाचलं तं मले काही समजतच नाही."

मी आत जाऊन बसले, आणि तिनं पुढं वाचायला घेतलं.