तानुबाईंचे चौदा वेढे

तानुबाईंना मी पहिल्यांदा नमस्कार केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सदतीस."

मी साक्षीकडे पाहिलं. साक्षी आमच्या ड्रोन टीमची कॅप्टन आणि तानुबाईंची भाची. ती म्हणाली, "आत्या मोजतीय. पन्नासला बोलेल."

पन्नासाव्या वेढ्याला त्यांनी तार चिमटीत घट्ट धरली आणि मान वर केली. "या. चहा घेताल?"

कासारवाडीत स्टेशनमागच्या गल्लीत त्यांची खोली आहे. भोसरीच्या एका वर्कशॉपात त्यांनी बावीस वर्षं मोटरींना तार गुंडाळली. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप. वर्कशॉप बंद झालं तसं काम घरी आलं, आणि कामामागून तिथला रिवाजही आला. मोजताना कुणी हाक मारली तर चालू आकडा मोठ्यानं सांगायचा. आकडा चुकत नाही, आणि आपलं ऐकलं गेलंय एवढं समोरच्याला कळतं. "भूक लागली" याला "एकशे बारा" असं उत्तर ऐकून ऐकून त्यांचे यजमान स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायला शिकले.

आमचं दुखणं वेगळं होतं. ताथवड्याच्या आमच्या कॉलेजात शनिवारी निवड चाचणी होती. ड्रोन पाच मिनिटं हवेत टिकला तर राज्यस्पर्धा, नाहीतर घरी. पुढच्या वर्षीचा दिलासाही नव्हता, कारण आमचं हे शेवटचं वर्ष. आणि बुधवारी ड्रोन पार्किंगच्या जाळीत अडकला. उडवत मी होतो. अशा वेळी वेगाचा दांडा, म्हणजे थ्रॉटल, खाली घेतात. मी वर नेला. ड्रोन जागचा हलला नाही, चारांतल्या एका मोटरीतून धूर मात्र झकास सरळ वर गेला.

नवीन मोटर सोमवारी मिळणार होती. आमचे मार्गदर्शक रणजीत सर म्हणाले, "आपणच तार गुंडाळू." मी लगेच जळकी तार कटरनं कापून, ओढून काढली आणि मोटर लख्ख पुसली. पुढचं कुणालाच येत नव्हतं. तेव्हा साक्षीला आत्या आठवली.

लिंबाएवढी ती मोटर तानुबाईंनी तळहातावर घेतली. आत गोलाकार लोखंडी दात, तार गुंडाळायची ती त्यांच्यावरच. "एवढुशीच? बरं. जुने वेढे किती होते?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

"तार कुठंय?"

"लॅबच्या कचऱ्यात."

"काय शिकवत्यात रं तुमाला?"

रणजीत सर शेजारीच होते. ते एकदम मन लावून चहा पिऊ लागले. मग वहीत गणित मांडून म्हणाले, "ताई, एका दातावर सोळा वेढे बसायला हवेत."

"सर, तुमी बरोबरच आसाल. पर मोटरीला इचारलं का? आधी कचरा आणा."

साक्षीनं लॅबची कचरापेटी स्कूटरवरून आणली. तानुबाईंनी ती पेपरवर उपडी केली. "यानं एकाच बाजूनं कापलंय, ते एक बरं झालं. म्हंजी एक वेढा, एक तुकडा. लागा मोजायला."

आम्ही तिघं इंजिनिअर वडापावच्या कागदांतून तांब्याचे तुकडे निवडत बसलो. एकशे सदुसष्ट भरले. मोटरीला दात बारा. भाग जाईना.

"एक ऱ्हायला," तानुबाई म्हणाल्या. "कापलं कुणी? त्याला झाडा."

एकशे अडुसष्टावा माझ्या बुटाच्या तळव्यात घुसलेला निघाला. भागिले बारा, चौदा. सरांनी वहीतले सोळा गुपचूप खोडले. कुठल्या दातावर तार कुठल्या दिशेनं जाते, ते तानुबाईंनी सोबत आणलेल्या ड्रोनच्या चांगल्या मोटरीत डोकावून पाहिलं; तिचे वेढे एकावर एक दडलेले, मोजता येत नव्हते, पण दिशा दिसत होती. मग दोन तास त्या खोलीत एक ते चौदा एवढेच आकडे होते.

शनिवारी त्या मैदानावर आल्या, पण वर पाहीनात. खुर्चीत मान खाली घालून ऐकत राहिल्या. तिसऱ्या मिनिटाला वारा आला, ड्रोन कलला आणि माझा अंगठा आपोआप वर निघाला.

"बोट आवर," साक्षी दातओठ खात म्हणाली.

आवरलं. ड्रोन सावरला. पाच मिनिटं अकरा सेकंदांनी मी तो उतरवला. परीक्षकांनी कागदावर टिक केली. सरांनी टाळी वाजवली आणि इकडेतिकडे पाहून हात खिशात घातले.

तानुबाई उठल्या. चारही मोटरींना पालथा हात लावत गेल्या. कंपनीच्या तिन्ही चटका देत होत्या. त्यांची एक कोमट.

"ह्या तिघींनाबी आणा सोमवारी," त्या म्हणाल्या. "आन् ह्या कापणाऱ्यालाबी आणा. गुंडाळायलाबी शिकू दे की."

सोमवारी मी पहिल्या दातावर होतो. सरांचा फोन आला. साक्षीनं तो माझ्या कानाला लावला.

"स्पर्धेची तारीख आली रे. तयारी कुठवर?"

"नऊ," मी म्हणालो.

तानुबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहिलं.