कापूस घरात असेपर्यंत

तात्या कुणाच्याही घरात शिरले, की चपला काढून आधी एक टाळी वाजवायचे. एकच, पण खणखणीत. मग मान तिरकी करून क्षणभर थांबायचे आणि त्या खोलीची प्रकृती सांगून टाकायचे. "हिला घसाच न्हाई." किंवा, "हिच्या पोटात वारं धरलंय." लग्नघर असो की कुणाला मयतीनंतर भेटायला गेलेलो असू, टाळी चुकायची नाही. परगावच्या लोकांना वाटायचं, माणूस भाविक आहे. काकू पदर तोंडाला लावायच्या आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायची.

तात्या म्हणजे माझे थोरले काका. गाव आमचं जिंतूरहून चारठाण्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. कॉलेजसाठी ते दोन वर्षं औरंगाबादला होते, तेव्हा एका प्राध्यापकांच्या घरी त्यांनी पहिल्यांदा चांगले स्पीकर ऐकले. ते वर्णन मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. "आवाज पेटीतून यायलाच न्हवता, बाई. गाणारा समोर येऊन बसलेला. मी उठून त्येला पाणी देणार व्हतो!" त्याच वर्षी आजोबांनी त्यांना परत बोलावलं. दोघा भावांपैकी एकानं शेत धरायचं होतं, तात्या थोरले होते, विषय संपला. माझे वडील शिकले, परभणीला शिक्षक झाले, मी पुण्याला नोकरीला लागले. आम्ही बाहेर पडलो ते तात्या आत राहिले म्हणून. हे मला बरंच लवकर कळलं आणि त्याचं वाईट वाटायचं कधी थांबलं नाही.

आणि आत म्हणजे किती आत! "दोन धारांच्या मधी जेवढी दुनिया बसंल, तेवढी आपली," असं ते म्हणायचे. त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. तिची रेडी मोठी झाली, ती तशीच निघाली, तिचीही तशीच. काकूंचं मत वेगळं होतं. "म्हशीला काय झाली धाड? ह्येंनीच लाडावून ठिवलीय. धार काढताना गुणगुणत्यात. मग ती दुसऱ्यापाशी कशाला हुबी ऱ्हाईल?" सकाळच्या धारेनंतर निघून संध्याकाळच्या धारेला परत यायचं, तर परभणी आरामात बसायची, गंगाखेड ओढूनताणून बसायचं. पुणं काही केल्या बसायचं नाही. आणि तात्यांना हवे तसे स्पीकर ऐकायला मिळणार होते पुण्यातच. जवळपास मिळायचे ते छाती हादरवणारे. त्यांच्याबद्दल तात्या म्हणायचे, "ह्यो आवाज न्हाई, धक्काबुक्की हाय."

मग मी पुण्यातले त्यांचे कान झाले. सुट्टीच्या दिवशी एखाद्या गार, गालिचे अंथरलेल्या दुकानात मी खुर्चीवर बसायची आणि फोनवर तात्यांची उलटतपासणी सुरू व्हायची. "पोट कसंय? बाई गाताना स आणि श टोचायलेत का? दम लागल्यावानी तर वाजंना ना?" त्यांना आवाज गोल पाहिजे होता. गोल म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "खालचा, मधला, वरचा, तिघं भाऊ एका ताटात जेवले पायजेत. कुनी कुनाचा घास ओढायचा न्हाई." कधी ते म्हणायचे, "मोबाईल त्येच्या तोंडापुढं धर." एवढ्याशा फोनमधून काय कळणार, पण मी धरायची. "जरा मागं सर," म्हणायचे, मी सरायची. दुकानाचे मालक पहिल्यांदा हसले. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच माझ्या हातून फोन घेऊन तात्यांशी बोलू लागले.

तात्यांची कसोटीही घरचीच होती. मी दिलेल्या चांगल्या रेकॉर्डरवर त्यांनी गावातल्या भजनी मंडळाचं एक भजन मारुतीच्या पारावर टिपून घेतलं होतं. कोण कुठं बसला होता ते त्यांना पाठ. पखवाज मधोमध, पेटी उजवीकडं, सर्वांत डावीकडं टाळ घेऊन खोकणारा हणमंता. "चांगल्या स्पीकरात मानसं आपापल्या जाग्यावर बसल्याली दिसत्यात," ते म्हणायचे, "आन् हणमंताचा खोकलाबी डावीकडूनच यायला पायजे."

शेवटी मालकांनाच दया आली म्हणा की हौस वाटली म्हणा. नांदेडला एका गिऱ्हाइकाकडं त्यांची गाडी जाणार होती, त्यात त्यांनी मी निवडलेली जोडी घातली आणि वाट वाकडी करून आमच्या गावी आले. संक्रांतीचे दिवस होते, मीही मुद्दाम गेले होते. आमच्याकडं त्या दिवसांत घरात माणसांना नसते एवढी जागा कापसाला असते. भाव येईल म्हणून वेचलेला कापूस मधल्या खोलीत टाकून ठेवायचा, छताला टेकला तरी चालेल. त्याच खोलीत वाट करून स्पीकर उभे केले. स्पीकर वाजवणाऱ्या, तापणाऱ्या मशीनभोवती तात्यांनी विटांचं कुंपण घातलं, कारण काकू दारात पाण्याची बादली घेऊनच उभ्या होत्या. भजन सुरू झालं. तात्या डोळे मिटून बसले होते. डावीकडून हणमंता खोकला आणि तात्यांनी झटकन तिकडं मान वळवली. मग हळूच म्हणाले, "बसला गं बाई. जाग्यावर बसला." आयुष्यभर स्वतःसाठी काही न घेतलेल्या त्या माणसानं त्याच दिवशी ती जोडी ठेवून घेतली.

फाल्गुनात कापूस विकला. दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसात फोन. आवाज पडलेला. "स्पीकर बिघडले, बाई. सगळी भजनी मंडळी एकमेकाच्या मांडीवर बसलीत." मालकांनी पुण्यातून नाना उपाय सांगितले, वायरी बदलल्या, तरी फरक नाही. काकूंनी मोठ्या हौसेनं बसवून घेतलेली गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब. रिकाम्या टाकीत बोलावं तसा आवाज घुमत होता. कोडं सुटलं ते तात्यांनाच. खोली झाडताना त्यांच्या हातून पत्र्याचा डबा पडला आणि त्याच्या आवाजावरून त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्पीकर त्यांनी खोलीसाठी घेतलेच नव्हते, कापसासाठी घेतले होते. टाळीची सवय लागली ती त्या दिवसापासून.

पुढं वर्षाचे दोन भाग झाले. कापूस घरात असेपर्यंत तात्यांचं गाणं, नंतर सगळा घुमारा. काकूंनी भिंतींना गोधड्या लावून पाहिल्या. तात्या "बरं हाय" म्हणाले आणि त्या "बरं हाय"चा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. कापूस थोडा जास्त दिवस ठेवावा तर त्यात किडे होतात आणि घरभर खाज सुटते. काकूंच्या अंगाला ती सर्वांत जास्त. "कापूस इका, न्हाईतर मी चालले लेकीकडं," अशी तंबी दर वर्षी मिळायची आणि तात्या दर वर्षी मुकाट्यानं टेंपो बोलवायचे. कापसाच्या भावाच्या बाबतीत ते पक्के शेतकरी होते. हाती आलेला भाव गाण्यासाठी घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी म्हटलं, "स्पीकर माझ्याकडं ठेवू, तुम्ही पुण्याला येऊन ऐका." ते नुसते गोठ्याकडं बघून हसले.

मग त्यांचं हृदय थकलं. परभणीच्या डॉक्टरांनी उठायची बंदी केली, म्हैस विकावी लागली. मधल्या खोलीतच त्यांची खाट टाकली. "आता म्हैस न्हाई, तर मीच दावणीला," असं म्हणून ते हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. त्या वर्षी कापूस उदंड झाला. खाटेच्या तिन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती आणि समोर स्पीकर. भावही सुरुवातीलाच चांगला निघाला. वडील परभणीहून आले आणि काकूंना अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, विकून टाकू. हा भाव टिकायचा नाही."

"कापूस हालनार न्हाई, भावजी," काकू म्हणाल्या. "आन् आत ह्येंच्यापुढं भावाचा इषय काडू नका." एवढं बोलून त्या आत गेल्या. आवाजाला धार होती.

मी आठवडाभर रजा काढून गेले होते. तात्यांना बोलताना धाप लागायची, ऐकताना नाही. भजन लावलं की ओठ न हलवता एकेकाचं नाव घेत असल्यासारखे ते डावीकडून उजवीकडं बघत जायचे. एकदा मला राहवलं नाही. "तात्या, तुम्हाला पुण्याला न्यायचं राहूनच गेलं." वाटलं होतं, समजूत घालतील. "व्हय," म्हणाले, "ऱ्हायलंच." मला रडू आवरेना, म्हणून मी आवाज थोडा वाढवला.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, तात्या गेले. तेरावं झाल्यावर टेंपो आला. भाव पार उतरला होता. मजूर गाठोडी बांधत होते आणि काकू उंबऱ्यात बसून होत्या. खाजवून खाजवून त्यांचे हात कोपरापर्यंत सोललेले होते. मी खोबरेल लावायला घेतलं.

"तात्यांनी कापूस ठेवू कसा दिला, काकू?" मी विचारलं. "भाव आला की ते एक दिवस थांबायचे नाहीत."

"रोज इचारायचे की," काकू म्हणाल्या. "आज भाव काय निघाला? मी म्हनायची, पडलाय अजून. थांबू जरा."