पाखाडीवर बसून काढलेला दिवस

मी घर सोडलं त्या सकाळी माझी पत्र्याची ट्रंक सायकलवर बसून निघाली आणि मी तिच्यामागून चालत. सायकल दिरांनी धरली होती. मी नवी नारिंगी साडी नेसले होते आणि तोंडाला पावडर इतकी फासली होती, की आत्या म्हणाल्या, "पिठाच्या डब्यात पडलीस काय गो?" आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणायचं. आमच्या यांना ठाण्याच्या कंपनीत कायम केलं होतं, खोली मिळाली होती. देवापुढे गाऱ्हाणं घालून झालं, नारळ फुटला, आणि मी उंबरा ओलांडला तो मागे न बघता. सासर सोडतानाही दोन टिपं गाळायची असतात, हे मला ठाऊक होतं. पण पावडर ओघळली असती. ती पोरगी आज समोर आली तर मी आधी तिचं तोंड पुसेन आणि मग एक टपली मारेन.

आमची वाडी रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या उतारावर. खाली डांबरी रस्ता, तिथे एस.टी. थांबते. रस्त्यापासून घरांपर्यंत चढते ती पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची गल्ली, दोन्ही अंगांना गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं. ठाण्यात जन्मलेल्या माझ्या नातीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे लिफ्ट नव्हती." नव्हती बाई.

ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत ती पाखाडी नवीकोरी होती, आणि ती तशी होण्यात माझी जीभ बरीच चालली होती. आधीच्या पायऱ्या खचलेल्या. पावसात गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरणारी बाई कधी घसरेल सांगता येत नसे. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. शिमग्याला ते आले, की देवळात बैठक बसे आणि वर्षभराचे निर्णय होत. त्या वर्षी मुंबईकरांनी ठरवलं, गडगे तोडायचे, पायऱ्या उखडायच्या आणि जीप वरपर्यंत आणायची. बायका मागे खांबांना टेकून बसल्या होत्या. त्यांतून मी उठले आणि म्हणाले, पायऱ्याच नीट बांधा, आणि कडेने सायकल ढकलता येईल, चालवता येईल असा गुळगुळीत पट्टा ठेवा, मुली सायकलने हायस्कुलात जातील. मुलींचं नुसतं नाव. सायकल मला चालवायची होती. दिरांची सायकल सड्यावर, वरच्या उघड्या माळावर नेऊन मी शिकत होते आणि शेणींच्या ढिगात दोनदा उताणी पडले होते.

सभामंडपात हशा पिकला. तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला. त्या वाडीत सगळ्यांत थोरल्या, त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. "जीप तुमची दोन सणांना येल. आम्ही रोज चालतो." मग त्यांनी आपली एक मागणी पुढे केली, की प्रत्येक घराच्या बेड्यापाशी, म्हणजे गडग्यातल्या फाटकापाशी, बसायला दगडी कट्टा पाहिजे. हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. घरी जाताना मी त्यांना म्हटलं, कट्टे कशाला, चकाट्या पिटायला? त्या चालता चालता म्हणाल्या, "टेकायला जागा नसली की माणूस थांबत न्हाय गो. पुढं जातो." मला वाटलं, म्हातारीला गुडघ्यांची काळजी पडली आहे.

चाकरमान्यांनी रजा वाढवल्या, चिरे तासले. आम्ही बायकांनी ते डोक्यावरून वाहिले. पायऱ्या इतक्या बुटक्या झाल्या, की भरल्या हंड्याचं पाणी हिंदकळेना. मुली खरोखरच सायकलीने जाऊ लागल्या. संध्याकाळी कट्ट्यांवर तांदूळ निवडले जात, सोयरिकी जुळत, भांडणं तर अगदी निगुतीने होत. पुढच्या शिमग्याला पालखी त्या पायऱ्यांवरून नाचत उतरली. मी मात्र तोवर एकच घोषा लावला होता. मला ठाण्याला न्या.

तर त्या सकाळी मी निघाले, आणि प्रत्येक कट्ट्यावर कोणी ना कोणी बसलेलं. एकीने कुळथाचं पीठ दिलं, दुसरीने कोकमं. शेजारच्या अनूवयनीने माझी पावडर स्वतःच्या पदराने पुसली आणि मग त्याच पदरात तोंड घालून रडली. कुणाला ओलांडून जाता येईना. खाली पोचलो तेव्हा एस.टी. वळणावर गेली होती. पुढची गाडी दुपार कलल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, घरी परत जायचं. पण आमच्यात देवाला सांगून, नारळ फोडून निघालेलं माणूस त्याच दिवशी उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. पुन्हा आत आलं तर जाणं फसतं म्हणतात. मग मी पाखाडी चढून आले आणि आमच्याच घरासमोरच्या कट्ट्यावर बसले.

आपलं घर असं बाहेरून, दिवसभर, कुणी पाहिलं आहे का? दार उघडं होतं. माझ्या चुलीचा धूर कौलांतून निघत होता आणि फुंकणी दुसऱ्या कुणाच्या हातात होती. मांजर माझ्याकडे बघून आत गेलं. आत्यांनी वासराला हाक मारली, ती हाक मी रोज मारायची. कुणी तरी हसलं. माझ्यावाचून काहीही अडत नव्हतं. ठाण्याची एवढी घाई असलेली मी, जिवंतपणीच माझ्या घराचं भूत होऊन समोर बसले होते.

दुपारी आत्या पितळी घेऊन बाहेर आल्या. भात आणि कुळथाची पिठी. पाखाडीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मी जेवले. त्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "कट्टे कशाला म्हणत होतीस ना?" आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा मी रडले. एस.टी. आली तेव्हा तोंड धुवायलाही सवड झाली नाही.

आत्या गेल्या तेव्हा मी उशिराच पोचले. पुढे ज्या ज्या वेळी मी वाडीत गेले, किल्ली काढली, कडी काढली, त्या त्या वेळी पाठीवर कुणाची तरी नजर जाणवली. वळून बघितलं, की कट्ट्यावर नारिंगी काही तरी असल्यासारखं वाटायचं. मी तिला ओळखते. ती पोरगी त्या दिवसाच्या गाडीत बसलीच नाही. ती अजून तिथे बसून आहे, आणि तिला आत ये म्हणायला घरात कुणी नाही.

इथे ठाण्याला सोसायटीत आम्हाला वॉकिंग ट्रॅक आहे, सायकलींसाठी निळा पट्टा आहे, बाकंही आहेत. सगळं चकचकीत. लोक कानात बोंडं घालून गोल गोल फिरतात आणि जिथून निघाले तिथेच पोचतात. मी बाकावर बसते. कुणी थांबत नाही. सून म्हणते, "आई, वॉकला आलात ना, मग चाला." आता चालवत नाही. गुडघे गेले. पाखाडी चढून किती तरी वर्षं झाली.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे, तिकडे राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनाही. गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. तो विरारला असतो, वाडीच्या मंडळाचं काम बघतो. म्हणाला, काकी, पाखाडी काढून रस्ता करतोय, गाडी थेट दारात, तुला एक पायरी चढायला नको. सगळ्यांची संमती आहे, फक्त वळणावरचा, घरासमोरचा तुझा गडगा आणि कट्टा तोडावा लागेल. तू ग्रुपवर ओके टाक.

खोटं कशाला बोलू, ऐकताना माझ्या गुडघ्यांनी आधीच ओके टाकलं होतं. गाडी गेली नाही, तर मी माझं घर पुन्हा बघणार नाही, हे मला स्वच्छ कळतं. मी विचारलं, त्या कट्ट्यावर बसतं का रे कोणी? म्हणाला, अनूवयनी बसते ना, संध्याकाळभर. एकटीच. वरच्या अंगाला आता तिचंच दार उघडं असतं.

मी म्हटलं, "कट्टा तोडायचा नाही."

"मग तू येणार कशी, काकी?"

"खुर्चीत बसवून न्या. चौघं लागतील. चौघांनी उचलायला मी मरेपर्यंत कशाला थांबू? फक्त पालखीसारखं नाचवू नका."

तो हसला. मग हसायचा थांबला. वाडीत आज खांदा देऊ शकतील अशी माणसं कोण कोण, ते आठवत असावा. मी फोन कानाशी धरून बसले. शेवटी म्हणाला, "बघतो, काकी. कळवतो."

अजून कळवलेलं नाही. मी ओकेही टाकलेलं नाही. घर कुठलं, असं आता मला कुणी विचारलं तर मी जागा सांगत नाही. माझं घर म्हणजे ती चार माणसं. जमली तर मी येते. नाही जमली, तर वर गाडी नेऊन तरी एका अनूवयनीवाचून कुणाला भेटायचं आहे?