नाभी तीन फुटांवर

दहावीपर्यंत माझं सगळं मराठीत. भिंगाची नाभी, नाभीय अंतर, एकदम पाठ. मग अकरावी सायन्स, इंग्लिशमध्ये. सरांनी फळ्यावर पॅराबोला काढला आणि आतल्या एका ठिपक्यावर खडू टेकवला. "याला काय म्हणतात?"

मला येत होतं. म्हणजे मराठीत येत होतं. उभी राहिले, डोक्यातल्या डोक्यात भाषांतर केलं आणि ठणकावून सांगितलं, "नेव्हल."

वर्ग बाकांवर लोळला. सर शांतपणे म्हणाले, "अहो, आपण गणिताला आलाय की पोटाच्या डॉक्टरकडे? फोकस म्हणतात त्याला. आर्ट्सला बदलायचं तर शुक्रवारपर्यंत फॉर्म मिळतोय."

फॉर्म घेतला मी. भरलासुद्धा, फक्त सही राहिली. पण हडपसरला घरी येईपर्यंत बसमध्ये एकच चालू होतं डोक्यात: शब्द चुकला, गणित कुठे चुकलं? सही करायची तर गणित चुकल्यावरच करायची.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर केबलवाल्या काकांची छत्री होती. छत्री म्हणजे डिश, ती मोठी जाळीची. पॅराबोलाच की. टेप घेऊन वर गेले. रुंदी आठ फूट, खोली सोळा इंच. वहीत वाय स्क्वेअर इज इक्वल टू फोर ए एक्स मांडलं. ए आला छत्तीस इंच. म्हणजे मधोमध तीन फुटांवर सिग्नल गोळा व्हायला हवा.

मग टेप लावला. तळापासून सिग्नल पकडणाऱ्या वरच्या डबीपर्यंत तीन फूट. बोटभर इकडेतिकडे. अंगावर काटा आला.

तेवढ्यात काका धापा टाकत वर. "कोण मधे उभंय? खाली सगळ्यांची सिरियल गेली."

"काका, डबी तीन फुटांवर आहे. मी गणितानं काढलं."

"अगं, मला विचारायचं, तोंडी सांगितलं असतं. बाजूला हो आधी."

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच फळ्याकडे गेले. छत्री काढली, आठ फूट, सोळा इंच, छत्तीस. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. "सर, फोकस. मराठीत नाभी. दोन्ही तीन फुटांवरच येतात."

सरांनी आकडे तपासले. दोनदा.

"बरं. तो फॉर्म कुठाय?"

"बॅगेत."

"मागची बाजू कोरी असेल. पॅराबोला झाला, आता एलिप्स तिच्यावर उतरवून घ्या, कागद वाया नको."

घेतला उतरवून.