सदाफुलीचा रस आणि एक खोटं उत्तर

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "सर, काकूंना लिम्फोमा आहे." लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. सुलभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून आम्ही दोन महिने तिला बाम चोळत बसलो होतो.

डॉक्टर मला सर म्हणाले, कारण ते माझेच विद्यार्थी. मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. आमचे वडील गिरणीत कामाला, घराण्यात पहिला शिकलेला मी, त्यामुळे "सर" म्हटलं की अजूनही माझी छाती फुगते. हा डॉक्टर निखिल माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. एवढी वाईट बातमी ऐकतानाही मला बरं वाटलं की डॉक्टर आपलाच विद्यार्थी आहे.

उपचार केमोथेरपीचा. पाच औषधं, दर तीन आठवड्यांनी. "गाठ बरी होण्यातली आहे," निखिल म्हणाला, "फक्त डोस पूर्ण आणि वेळेवर जायला हवेत. यातलं व्हिन्क्रिस्टीन तर तुमच्या विषयातलं, सर. सदाफुलीतून काढतात."

झालं! मी तिथेच सुरू झालो. अल्कलॉइड म्हणजे झाडात तयार होणारं नायट्रोजनचं संयुग, अमाइनांच्याच गोतावळ्यातलं, म्हणून बेस, म्हणजे आम्लाच्या उलट, म्हणून कडू. सिंकोनातलं क्विनीन, अफूतलं मॉर्फीन, सगळी एकाच जातीची. बाहेर पेशंट ताटकळत बसलेले आणि मी ओपीडीत तास घेतोय. निखिल बिचारा मान डोलावत ऐकत होता.

आमच्या बागेबाहेर सकाळी रसवाला बसतो. कारलं, दुधी, आवळा, सगळे रस त्याच्याकडे. फिरायला येणारे निम्मे लोक आमच्या सुलभासारखेच डायबेटिसवाले, सदाफुलीची पानं चावणारेही त्यात आहेत. माझा मित्र परब म्हणाला, "अरे मास्तर, हॉस्पिटलात सुईतून देतात तेच तुझ्या सोसायटीच्या कुंपणाला लागलंय ना! दे की रोज वहिनींना."

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मीच त्याला झापलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या औषधांची मी आयुष्यभर टिंगल केली. पण मला वाटलं, लोक अडाण्यासारखं करतात, आपण मोजून करू. रोज अकरा पानं, मिक्सरमधून काढून, गाळून, कॉलेजातून आणलेल्या मेजरिंग सिलिंडरमध्ये बरोबर तीस मिलिलिटर. लाज वाटते हो हे लिहिताना. त्या सिलिंडरमुळे मला तो प्रयोग शास्त्रीय वाटत होता!

सुलभा तोंड वाकडं करायची. "अहो, कडूजहर आहे."

"बेस आहे तो, कडू असणारच," मी म्हणायचो.

दुसऱ्या केमोनंतर तिची बोटं बधिर झाली. ब्लाउजचे हुक लावता येईनात. पोट चार-चार दिवस साफ होईना. व्हिन्क्रिस्टीनने असं होतं, हे आम्हाला सांगितलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त. मग एका सकाळी पोहे भिजवता भिजवता ती ओट्याशीच कोसळली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा रक्तातली साखर पन्नासच्या खाली होती. पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तिला वेगळ्या खोलीत ठेवलं.

निखिल दोन शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आला. "सर, घरी आणखी काही देता का? काढा, जडीबुटी, काहीही?"

मी म्हणालो, "छे रे! मी असलं काही देईन का?"

वर हसलोसुद्धा. त्या दोन पोरांना निखिल मघाशीच सांगत होता की हे माझे केमिस्ट्रीचे सर. त्यांच्यासमोर मिक्सर आणि अकरा पानं माझ्या तोंडून निघेनात.

पुढचे तीन दिवस त्या एका "छे"मुळे गेले. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणं. मग लिव्हरच्या तपासण्या, सीटी स्कॅन. सुलभाच्या शिरा सापडत नव्हत्या, दोन्ही हात काळेनिळे झाले. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते कशासाठी चाललंय हे जाणत होतो, आणि गप्प होतो. घरी गेलो की आधी मिक्सरचं भांडं घासायचो.

चौथ्या दिवशी निखिल म्हणाला, "सर, कारण सापडत नाहीये. काकूंना हे डोस झेपत नाहीत असंच धरावं लागेल. पुढच्या वेळेपासून कमी करतो. व्हिन्क्रिस्टीन कदाचित बंदच."

"मग गाठ?"

"शक्यता कमी होते, सर. खोटं नाही सांगत."

तो पाठ फिरवून निघाला. कॉरिडॉरमध्येच मी त्याचा कोट धरला आणि सगळं सांगून टाकलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "किती दिवस?"

"पाच आठवडे."

"रोज?"

"रोज."

त्याने ते केसपेपरवर लिहिलं. मग मला बाकावर बसवून समजावलं. सदाफुलीच्या पानात शंभराहून अधिक अल्कलॉइड असतात. कॅन्सरवर चालणारं त्यात नावापुरतं, ते वेगळं काढून शुद्ध करूनच शिरेतून द्यावं लागतं. बाकीची कोणी साखर पाडतात, कोणी रक्तदाब. सुलभाची डायबेटिसची गोळी चालूच होती, त्यावर हा रस. "पेशींवर पानांचा किती परिणाम झाला ते मलाही सांगता येणार नाही," तो म्हणाला, "पण आता डोस घाईने कमी करणार नाही. थांबून बघू."

शेजारी उभ्या सिस्टर मात्र बोलल्याच. "शिकलेले ना तुम्ही, काका?"

आठवड्याभरात साखर स्थिरावली, पेशी वर आल्या. उरलेले डोस पूर्ण गेले. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. निखिलचे, सिस्टरांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

पण एक गोष्ट राहिली. घरी आल्यावर मी सुलभाचे पाय धरले. म्हटलं, मी डॉक्टरांशी खोटं बोललो, तुझा जीव जात होता. ती म्हणाली, "मलाही निखिलने विचारलं होतं. तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा."

"मग?"

भावुक झाली की ती मालवणीवर येते. "पोरासमोर तुमची मान खाली जाईत, म्हणान मी सांगूक नाय."

मला तिच्याकडे बघवेना.

तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर डॉक्टरांना सगळं सांगा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो, तुम्ही गप्प बसलात तर तुमचं माणूसही गप्प बसेल. तुमची अब्रू राखायला ते मरायलाही तयार होईल, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.